आठव्या पट्टीवरची बायनाबाई

सेलू,
४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बन्सीधरमामा,
भक्तीचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र काल पोचलं. पोस्टमनने विचारलं, हल्ली हाताने पत्रं कोण लिहितं? मी म्हटलं, माझ्या मामांचं घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय. फोनवर नुसतं ऐकून घेणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून ते हैदराबादहून कागदावर रागावतात. तो हसला आणि पाणी पिऊन गेला.

तुम्ही विचारलंय की स्टुडिओत हा नवा डबा कशाला आणला. आई स्वतःलाच टोमणा मारते, कमलबाईच्या पोरीला आता लॅपटॉपही पुरेना. मामा, तो डबा नाही, कंट्रोल सरफेस आहे. जुनाच घेतलाय, पुण्याच्या एका मुलाकडून. त्यात स्वतःचा आवाज काहीच नाही. गाणं सगळं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्येच असतं, हा फक्त माझे हात तिथवर पोचवतो. माऊसने एका वेळी एकच ट्रॅक वर-खाली करता येतो. एका बोटाने पेटी वाजवल्यासारखं वाटतं. इथे आठ सरकपट्ट्या आहेत, आठ बोटं ठेवा. ट्रॅक आठाच्या वर गेले की बँक बदलायची, की त्याच पट्ट्या पुढच्या आठ ट्रॅकच्या होतात.

गंमत म्हणजे प्रत्येक पट्टीखाली मोटर आहे. मी एकदा गाणं चालू असताना पट्टी वर-खाली केली की सॉफ्टवेअर ते लिहून ठेवतं, आणि पुढच्या वेळी पट्टी आपली आपण तशीच सरकते. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन हात मागे झाली. बटणांवर इंग्रजी आहे, म्हणून मी पांढरी चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलंय. एकावर ‘लिही’, एकावर ‘वाच’.

काम मोठं आलंय. वाडीच्या आबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला पंचवीस वर्षं होतात, त्यासाठी गावची गाणी भरायची आहेत. काही त्यांचा पुतण्या भागवत गाणार, आणि काही बायनाबाई. ती दरवर्षी ऊसतोडीला जाते आणि फडावरची गाणी स्वतः जुळवते. माझी ही खोलीही आबासाहेबांचीच, तेव्हा काम नीट व्हायलाच हवं.

एक विचारायचं राहिलं. बायनाबाई माईकसमोर उभीच राहीना. म्हणाली, “माझा आवाज मशीनीत बसत न्हाई, पोरी. तुझ्या बन्सी मास्तरनीच सांगितलं हुतं. लगीनघरची गाणी भराय नेलं हुतं मला, सगळी गायले, आन् कॅशेटीत मी न्हवतेच.” तुमच्या कॅसेट सेंटरमधली ती कॅसेट कुठे असेल? मला ऐकायची आहे. असा आवाज बसत नाही म्हणजे काय?

तुमची,
भक्ती


हैदराबाद,
१२ ऑगस्ट

चि. भक्तीस,
मामाचे आशीर्वाद.

तुझ्या यंत्राची हकीकत ओमप्रकाशला वाचायला दिली. तो म्हणाला, बाबा, भारी आहे. तुम्हा पोरांना हलणारी कुठलीही वस्तू भारी वाटते. मी सहा चॅनलच्या मिक्सरवर अर्धा जिल्हा भरून काढला आणि त्याचं एकही बटण माझ्या परवानगीशिवाय हललं नाही.

बँक बदलतेस म्हणे. माझं ऐक, एकदा उघडलेली बँक बदलू नये, पुढे सह्या जुळत नाहीत. आणि ‘वाच’, ‘लिही’ असल्या चिठ्ठ्या बटणांवर? स्टुडिओ आहे की बालवाडी?

खैर. बायनाबाईचं म्हणशील तर त्या काळी रोज दहा बायका गाऊन जायच्या. मला आठवत नाही. कॅसेटी गोदामात होत्या, उंदरांनी संपवल्या. काही आवाज मशीनमध्ये बसत नाहीत हे मात्र खरं, त्यात त्या बाईचा दोष नाही.

धंद्याची गोष्ट एकच. गिऱ्हाईक म्हणेल तो आवाज वर, म्हणेल तो खाली. आबासाहेबांसारख्या माणसाशी हुज्जत घालू नकोस.

माझी तब्येत ठीक. नळीतून श्वास घेतो आणि सुनेने केलेली पातळ खिचडी खातो. दोन्हींची सवय झाली.

बन्सीधर


सेलू,
६ सप्टेंबर

मामा,

उंदरांवर माझा विश्वास नाही, पण तो विषय नंतर.

आधी बायनाबाईबद्दल. नुसतं एकदा करून बघू म्हणून मी तिला माईकसमोर उभं केलं. तिचा आवाज मशीनमध्ये बसतो. नुसता बसत नाही, मांडी ठोकून बसतो. ती गाताना मान वळवते, माईकपासून लांब जाते आणि मग अचानक जवळ येऊन सूर फेकते. असा आवाज माऊसने सांभाळता येत नाही. मी आठव्या पट्टीवर बोट ठेवून तिच्याबरोबर अख्खं गाणं चालले. ती लांब गेली की मी पट्टी वर नेली, ती जवळ आली की जरा खाली घेतली. चौथ्या फेरीला माझं बोट तिचा श्वास ओळखायला लागलं. हे तुम्हाला कळेल म्हणून लिहितेय, इथे दुसऱ्या कुणाला सांगू?

ऐका, ती काय गाते:

मुकादमा दादा, तुझी शिट्टी पहाटंची,
उठ म्हनू नगं, बया जागी हाय कवाची.

गाणं झाल्यावर ती यंत्राजवळ आली. तिला वाचता येत नाही. पट्टीखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, “हितं काय लिवलंय?” मी म्हटलं, तुमचं नाव. “आन् ह्या शेजारच्या बटनावर?” मी म्हटलं, वाच. तिने बोट नावावरून बटणावर नेलं. मग म्हणाली, “माझ्या नावाला लागून वाच लिवलंस? बरं केलंस बाई. फडावर समदी मरमर मर म्हनत्यात. जीव वाचव म्हननारी तू पयलीच.”

मामा, तो वाचण्यातला ‘वाच’ आहे, वाचून राहण्यातला नाही, हे मला सांगता आलं नाही. आणि आता ते बटण मलाही तिच्याच अर्थाने दिसतं.

परवा आबासाहेब भागवतला घेऊन ऐकायला आले. पट्ट्या आपोआप सरकताना पाहून खूश झाले, लहान मुलासारखे वाकून बघत होते. बायनाबाईचं गाणं लागलं आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, “ही बाई एवढी वर काहून हाय? हिला मागं घाल, कोरसला. पुढून भागवत गाईल. कव्हरवर त्याचंच नाव यायलंय.” मी म्हटलं, गाणं तिचं आहे, तिनेच जुळवलंय. ते म्हणाले, “गाणं गावाचं असतंय.”

मग त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचून स्वतःच आठवी पट्टी खाली ओढली. बायनाबाई गायब. “हां, असं पायजे,” म्हणाले आणि चहाचा कप घ्यायला बोट उचललं. पट्टी सर्रकन वर गेली आणि बायनाबाई पुन्हा गायला लागली. त्यांनी परत ओढली. सोडली, परत वर. तिसऱ्या वेळी भागवत हसला.

“मशीन बिघडलंय का तुझं?”

मी म्हटलं, “नाही. ते ‘वाच’वर आहे. जे लिहिलंय तेच वाचतं. तुमचं बोट आहे तोवर तुमचं, बोट उचललं की तिचं.”

“मग खाली लिही.”

“मी लिहिणार नाही.”

मला स्वतःलाच नवल वाटलं, किती सहज आलं ते तोंडातून. त्यांनी चहा तसाच ठेवला. दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय. आवाज खाली करून गाणी द्यायची, नाहीतर खोली रिकामी करायची.

मी काय करावं असं विचारत नाही. फक्त कळवतेय.

भक्ती


हैदराबाद,
१३ सप्टेंबर

भक्ती,

पत्र मिळालं त्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

आवाज खाली कर. मामा म्हणून सांगतो, आणि या धंद्यात उभी हयात घालवलेला माणूस म्हणूनही सांगतो. बायनाबाई दिवाळी झाली की कोयता घेऊन निघून जाईल. तू तिथेच राहणार आहेस. त्या खोलीच्या भिंतींना तू स्वतः कापूस भरून गाद्या शिवल्यास, कमलने मला लिहिलं होतं. एका पट्टीपायी ते सगळं घालवणार?

आबासाहेब तेव्हाही असाच होता. हसत हसत सांगतो आणि मग हसायचं थांबतो. तेव्हा मी तरुण होतो, मलाही वाटलं होतं की आपण नाही म्हणावं. माणूस आवाजावाचून जगतो, भक्ती. मी जगतोय. छपरावाचून जगणं अवघड आहे.

हट्ट सोड. लगेच उत्तर लिही.

बन्सीधर


पेडगाव,
२८ सप्टेंबर

मामा,

वरचा पत्ता पाहिलात ना? दसऱ्याची वाट पाहिली नाही. गाद्या उसवून टेम्पोत घातल्या आणि पेडगावला घरी आणल्या. कडब्याच्या खोलीत आता स्टुडिओ आहे. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन खोली सारवून गेली. शेजारच्या म्हशीचा आवाज माईकमध्ये येतो, त्याचं बघू. भागवतची गाणी आबासाहेबांना पोचवली. बायनाबाईची दिली नाहीत. ती तिची आहेत.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही लिहिलंय, आबासाहेब तेव्हाही असाच होता. तेव्हा म्हणजे केव्हा? तुम्हाला तर काहीच आठवत नव्हतं. मी ते पत्र तीनदा वाचलं. बायनाबाई म्हणते ते लग्न आबासाहेबांच्या धाकट्या भावाचं होतं, म्हणजे भागवतच्या आईवडिलांचं.

आवाज बसला नाही, की तुम्ही बसू दिला नाही?

मी माईकला हात लावायला तुमच्याकडे शिकले. आठ वर्षांची होते, तुम्ही मला स्टुलावर उभं करून म्हणाला होतात, आवाज हे माणसाचं तोंड असतं, त्याच्यावर हात ठेवायचा नाही. ते खरं होतं की नाही एवढंच लिहा. उंदरांच्या गोष्टी नकोत.

भक्ती


हैदराबाद,
५ ऑक्टोबर

चि. भक्ती,

चार कागद फाडले, हा पाचवा.

बायनाबाईचा आवाज उत्तम भरला गेला होता. त्या वेळी ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. हळदीची गाणी, मांडवाची गाणी, एका बैठकीत सगळी. मी दोनदा ऐकली होती. मग आबासाहेब दुकानात आला. म्हणाला, कोयत्यावरच्या बाईचा आवाज आमच्या मांडवात भोंग्यावर वाजणार न्हाई, तिच्या जागी माझ्या मेव्हणीचा भर. त्याने धमकी दिली नाही. नुसता काउंटरवर हात ठेवून उभा राहिला. मी त्याच टेपवर मेव्हणीचा आवाज भरला. कॅसेटवर एकावर एक भरलं की खालचं पुसतं, तुझ्या लॅपटॉपसारखं मागे जाता येत नाही. दुसरी प्रत मी काढली नव्हती. कुठेही काही उरलेलं नाही, खोटी आशा देत नाही.

पुसलं ते पाप एक. दुसरं त्याहून मोठं. ती विचारायला आली तेव्हा मी तिला म्हणालो, तुझा आवाज मशीनमध्ये बसत नाही. आबासाहेबाचं नाव घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून दोष तिच्या गळ्यावर ढकलला. ती ‘बरं मास्तर’ म्हणून गेली.

माझा घसा गेला ती त्याची शिक्षा, असं कमल म्हणेल. तू म्हणू नकोस. घसा तंबाखूने गेला. शिक्षा इतकी सोपी नसते. मला राग येतो तो याचा की तेव्हा माझा गळा धडधाकट होता आणि मी नाही म्हटलं नाही. आज म्हणावंसं वाटतं तर आवाज नाही.

मागच्या पत्रातलं सगळं विसर. आवाज खाली करू नकोस. एक केसभरही नको.

सोबत वेगळा कागद आहे तो बायनाबाईसाठी. तिला वाचता येत नाही, मला बोलता येत नाही, तेव्हा तुझं तोंड लागेल. शब्द गाळू नकोस आणि गोडही करू नकोस. स्टुलाची गोष्ट खरी होती. मीच ती पाळली नाही.

बन्सीधर


पेडगाव,
३० ऑक्टोबर

मामा,

उशीर झाला, पण एकदमच सगळं लिहायचं होतं.

पाडवा झाल्यावर बायनाबाई तिच्या टोळीतल्या चार बायकांना घेऊन आली. तिला तोडीला निघायच्या आधी गाणी पुरी करायची होती. मी सांगितलं की आबासाहेब चिडलेत, मुकादम त्यांच्या बैठकीतला आहे, तुम्हाला टोळीतून काढतील. ती म्हणाली, “काडू दे की. कोयता माझा हाय, हात माझे हायत. ऊस काय त्याच्या एकट्याच्या बांधाला येतो?”

आधी तुमचा कागद वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही. ती भिंतीला टेकून, पाय पसरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “परत एकदा.” मी परत वाचला. बायकांपैकी एक रडायला लागली तर तिने तिला गप्प केलं.

मग ती उठून यंत्राजवळ आली आणि म्हणाली, “हे मी हलवलं तर चालंल का?”

मी बटण ‘लिही’वर टाकलं आणि बाजूला झाले. मामा, तुम्ही विचारलं होतं ना, लॅपटॉप असताना हा डबा कशाला. माऊस तिच्या हातात दिला असता तर ती लाजून मागे सरली असती. पट्टी तिला लगेच समजली. डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा जुना वण आहे तिच्या, त्याच हाताने तिने आठवी पट्टी धरली. गाणं लावलं. पहिल्या ओळीला ती जपून होती, दुसऱ्या ओळीला तिने स्वतःला वर नेलं, आणि मुकादमाच्या ओळीला एवढं वर नेलं की भिंतीच्या गाद्या थरारल्या. माझ्या हिशोबाने ते जास्त होतं. पेटी दबली, ढोलकी तर बुडालीच. तरी मी जे तिने लिहिलं तेच पक्कं केलं.

सत्तावीस तारखेला टोळ्या निघाल्या. ट्रकचा ड्रायव्हर सुग्रीव मोठे स्पीकर लावून आला होता. गाणं सगळ्या बायकांच्या मोबाईलवर गेलंच होतं, त्याने ते स्पीकरवर लावलं. वाडीतून जाताना रस्ता संस्थेच्या फाटकासमोरूनच जातो आणि त्याच दिवशी तिथे पंचवीस वर्षांचा कार्यक्रम होता. सुग्रीवचा ट्रक नेमका तिथेच बंद पडला. का बंद पडला ते त्याला विचारू नका, मीही विचारलं नाही. दोन कडवी झाली. भागवत सांगत होता, मंचावर आबासाहेब बोलायचे थांबले, कारण खाली कुणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं. गाणं त्यानेही मागून घेतलं माझ्याकडून.

आबासाहेबांनी सेलूत सगळीकडे सांगितलंय की कमलबाईच्या पोरीला काम देऊ नका. त्यामुळे या महिन्यात काम नाही. पुढच्या महिन्यात पालमच्या एका बायकांच्या मंडळाचं आहे, त्या एसटीने येणार आहेत, म्हैस चालेल म्हणाल्या. मला भीती वाटत नाही असं नाही. पण मी हीच पट्टी परत लिहायची वेळ आली तर परत अशीच लिहीन.

आता तुमचं उत्तर. ट्रकमध्ये चढायच्या आधी बायनाबाईने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, तुम्हीच सांगितलंय गोड करू नकोस म्हणून.

“त्याला लिव, म्या माफ केलं न्हाई. बत्तीस साल मला वाटायलं की माझ्या गळ्यातच खोट हाय. लेकीच्या लग्नात सुदिक गायले न्हाई मी. ते कुटून भरून देनार हाय त्यो? पर खरं लिवलं, ते बरं केलं. गळा गेलाय, कान तर हायत न्हवं? माझं गानं धाड त्याला. शेवटपतुर ऐक म्हनाव. मधीच बंद करू नगं.”

पेन ड्राइव्ह सोबत ठेवलाय.

भक्ती


हैदराबाद,
८ नोव्हेंबर

भक्ती,

ऐकलं. मधे उठलो नाही. ढोलकी बुडालीय, ते बरोबर आहे, तशीच राहू दे.

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा सून आतून आली आणि म्हणाली, बाबा, आवाज जरा कमी करा, शेजारी काय म्हणतील.

मी मान आडवी हलवली आणि आणखी वाढवला.

बन्सीधर